जुन्या बिनतारी यंत्रांचा जीर्णोद्धार

इतिहास म्हटला कीं ताम्रपट, शिलालेख, बखरी आणि किल्ले हींच साधनें आमच्या डोळ्यांपुढें येतात. यंत्र हेंही इतिहासाचें साधन आहे, हा विचार आमच्या समाजांत अजून रुजलेला नाहीं. आजोबांचीं पत्रें रेशमी रुमालांत बांधून ठेवणारें कुटुंब त्याच आजोबांनीं हौसेनें आणलेला लांकडी पेटीचा रेडिओ दिवाळीच्या आवराआवरींत भंगारवाल्याच्या हातगाडीवर घालतें, आणि त्याची खंत कोणास वाटत नाहीं. वास्तविक आमच्या छत्रपती संभाजीनगरास, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेस, यंत्र जपण्याची परंपरा अगदींच नाहीं असें नव्हे. दुरून नळांतून आणलेल्या पाण्याच्या जोरावर फिरणारी येथील पाणचक्की आम्ही पाहुण्यांस अभिमानानें दाखवितों. एकेकाळीं तिच्यावर यात्रेकरूंसाठीं धान्य दळलें जाई, हें सांगतांना आम्हांस धन्यता वाटते. मग विसाव्या शतकांत ज्या यंत्रानें घराघरांत जगाची वार्ता आणली, त्याच्याविषयींच आम्ही इतके उदासीन कां?

प्रस्तुत लेखांत आम्ही हौशी बिनतारीकारांचा, म्हणजे ज्यांस जगभर ‘हॅम’ या नांवानें ओळखतात त्यांचा, आणि त्यांच्या जुन्या यंत्रांचा थोडक्यांत परामर्श घेणार आहों. आम्हांस दाखवावयाचें आहे तें एवढेंच कीं, या छंदाचा भारतांतील इतिहास हा आरंभापासूनच काटकसरीचा इतिहास आहे. दुसऱ्यानें टाकलेलें यंत्र मिळवावें, तें उकलून समजून घ्यावें, आणि थोडक्या पैशांत पुन्हा बोलतें करावें, हीच त्याची मूळ रीत. म्हणून जुन्या यंत्रांचा जीर्णोद्धार हा धनिकांचा शोक नसून मध्यम स्थितींतील घरासही झेपण्यासारखें इतिहासकार्य आहे.

बिनतारी विद्येच्या उगमापाशींच ही काटकसर उभी आहे. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनीं १८९५ च्या सुमारास कलकत्त्यांत विद्युत्तरंग भिंतींच्या पार पाठवून पलीकडील घंटा वाजविली व बंदुकीची दारू पेटविली. या प्रयोगांचीं उपकरणें त्यांनीं प्रेसिडेन्सी कॉलेजांत, पत्र्याचें काम करणाऱ्या एका साध्या कारागिरास हाताशीं धरून घडविलीं होतीं. पुढें पाव शतकानें, १९२१ सालीं, कलकत्त्याच्याच अमरेंद्रचंद्र गुप्तू यांनीं ‘टू जे के’ या आवाहनचिन्हानें आपलें हौशी केंद्र चालविण्यास प्रारंभ केला. मागोमाग मुकुल बोस हे ‘टू एच क्यू’ या चिन्हानें त्यांस येऊन मिळाले, आणि दोन हौशी केंद्रांमधील उभयपक्षीं संभाषण या देशांत प्रथमच घडून आलें.

नभोवाणीचा पायाही सरकारनें घातला नाहीं, तो या हौशी मंडळींनींच घातला, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. जून १९२३ मध्यें मुंबईच्या रेडिओ क्लबानें व त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत कलकत्त्याच्या क्लबानें ध्वनिक्षेपण केलें. मद्रासेस कृष्णस्वामी चेट्टी यांच्या पुढाकारानें १९२४ सालीं क्लब निघाला. पैशाच्या अडचणीमुळें तो १९२७ सालीं बंद पडला. परंतु त्याचें यंत्र मोडींत निघालें नाहीं. तें मद्रासच्या नगरपालिकेनें घेतलें आणि १ एप्रिल १९३० पासून त्याच जुन्या यंत्रावर आपला नियमित कार्यक्रम सुरू केला. एका संस्थेचें टाकलेलें यंत्र दुसऱ्या संस्थेच्या कामीं यावें, याचें याहून बोलकें उदाहरण कोणतें हवें? म्हैसुरास तर १९३५ सालीं प्राध्यापक गोपालस्वामी यांनीं स्वतःच्या राहत्या घरीं लहानसें केंद्र उभारलें, आणि ‘आकाशवाणी’ हें नांव त्या घरगुती केंद्रापासून रूढ झालें.

याच काळांत दुसऱ्या बाजूस द्रव्याचा पूर वाहत होता. १९२७ सालीं पुण्याजवळ खडकी येथें प्रक्षेपक व दौंड येथें ग्राहक अशीं प्रचंड बिनतारी केंद्रें विलायतेशीं संदेशव्यवहार करण्यासाठीं उभीं राहिलीं. त्याच वर्षीं २३ जुलै रोजीं मुंबईस इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या केंद्राचें उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें झालें. मोठें भांडवल आणि मोठा समारंभ असूनही १९३० सालीं ती कंपनी बुडाली. आमच्या मराठवाड्यावर तेव्हां निझामाचें राज्य होतें. हैदराबादेस १९३५ सालीं ‘डेक्कन रेडिओ’चा आवाज निघूं लागला, आणि पुढें निझाम सरकारचें दुसरें केंद्र औरंगाबादेस झालें. १९४७ सालीं देशाच्या वांट्यास आकाशवाणीचीं सहा केंद्रें आलीं, त्यांत मुंबईखेरीज महाराष्ट्रांतील एकही नव्हतें. संस्थानिकांच्या मालकीचीं जीं पांच केंद्रें निराळीं होतीं, त्यांत मात्र औरंगाबादचें नांव होतें. १ एप्रिल १९५० रोजीं निझामाचीं हीं केंद्रें भारत सरकारनें आपल्या ताब्यांत घेतलीं. आज या शहरांतील किती सुशिक्षितांस ही हकीकत माहीत आहे?

हौशी बिनतारीकारांवर खरा प्रसंग आला तो १९३९ सालीं. महायुद्धाचा वणवा पेटतांच सरकारनें हौशी परवाने स्थगित केले आणि प्रक्षेपक यंत्रें पोलिसांच्या स्वाधीन करण्याचा हुकूम काढला. वर्षानुवर्षें पै पै वांचवून जमविलेलें सामान ठाण्याच्या आवारांत जाऊन पडलें. पण यंत्र काढून घेतां येतें, विद्या काढून घेतां येत नाहीं. ऑगस्ट १९४२ मध्यें ‘छोडो भारत’चा ठराव झाला, पुढारी तुरुंगांत गेले, वृत्तपत्रांचीं तोंडें बांधलीं गेलीं. अशा वेळीं मुंबईच्या बावीस वर्षांच्या विद्यार्थिनी उषा मेहता आणि त्यांचे सहकारी यांनीं गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ उभा केला. त्यांस प्रक्षेपक जुळवून देणारे नरिमन प्रिंटर हे हौशी बिनतारी विद्येंत मुरलेले गृहस्थ होते, आणि शिकागो रेडिओ या पेढीचे नानक मोटवानी यांच्याकडून सामानाचें साहाय्य झालें. पोलिसांच्या शोधयंत्रांस चकविण्यासाठीं हें केंद्र मुंबईंत एका जागेवरून दुसऱ्या जागेवर हलत राहिलें. १२ नोव्हेंबर १९४२ रोजीं गिरगांवांतील पारेखवाडींत त्याच्यावर छापा पडला. एका यंत्रज्ञानें फितुरी केली असें उषाबाईंनीं पुढें सांगितलें. खटल्यांत त्यांस चार वर्षांची शिक्षा झाली, त्यांचे सहकारी बाबुभाई खाखर यांस पांच वर्षांची.

या केंद्राची घोषणा ‘४२.३४ मीटर’ या तरंगलांबीवर होत असे. वाचकांनीं हा आंकडा क्षणभर लक्षांत ठेवावा. मीटरांतील तरंगलांबीनें तीनशेंस भागिलें असतां मेगाहर्ट्झ निघतात, म्हणजे हें केंद्र ७.०८ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलत होतें. आणि ७ पासून ७.२ मेगाहर्ट्झपर्यंतचा हा पट्टा आजही भारतांतील हौशी बिनतारीकारांचा सर्वांत लाडका पट्टा आहे. ज्या जुन्या ग्राहकयंत्रावर लघुलहरींचा हा भाग ऐकूं येतो, त्याच्या तबकडीवर काँग्रेस रेडिओची जागा आजही जशीच्या तशी आहे. आवाज तेवढा नाहीं. कांटा तेथें नेऊन ठेवतांना अंगावर शहारा येत नसेल, तर त्या मनुष्यास इतिहास शिकविणें व्यर्थ होय.

युद्ध संपलें आणि दैवगति अशी कीं, ज्या युद्धानें हौशी लोकांचीं यंत्रें हिरावून नेलीं त्याच युद्धानें तीं शतपटीनें परत दिलीं. ब्रह्मदेशच्या मोहिमेसाठीं भारतांत आणलेलें अपरंपार बिनतारी सामान सैन्यास नकोसें झालें आणि ‘डिस्पोजलचा माल’ म्हणून बाजारांत आलें. रणगाड्यांतील ‘नंबर १९’ संच, अमेरिकन विमानांतील ‘बीसी ३४८’ ग्राहक आणि ब्रिटिश वायुदलाचा ‘आर ११५५’ हीं नांवें त्या पिढीच्या हौशी लोकांच्या तोंडीं देवादिकांच्या नांवांप्रमाणें असत. मुंबईच्या चोर बाजारांत व लॅमिंग्टन रोडवर हा माल धुंडाळणें ही एक वारीच होती. ‘नंबर १९’ संच २ ते ८ मेगाहर्ट्झपर्यंत चाले, म्हणजे ७ मेगाहर्ट्झचा पट्टा त्यांत अनायासें येई. विमानांतील संच २८ व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर चालत आणि त्यांत गरगर फिरणारा डायनामोटर असे. तो काढून त्या जागीं घरच्या विजेवर चालणारा ट्रान्सफॉर्मर बसविणें हें प्रत्येक नवशिक्याचें पहिलें काम.

स्वतंत्र भारतांत १५ मे १९४८ रोजीं महू येथील सिग्नल्सच्या शाळेंत हौशी मंडळींचा अखिल भारतीय क्लब स्थापन झाला, आणि १९५४ पासून तो दिल्लीस ‘अॅमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया’ या नांवानें नांदूं लागला. तरीहि १९७० पर्यंत साऱ्या देशांत परवानाधारक हजाराच्या आंतच होते. कारण उघड आहे. परदेशी यंत्र मागवावें तर आयातीचे निर्बंध व जकात, देशांत तयार मिळावें तर कारखाना नाहीं. अशा स्थितींत तीन दशकें हा छंद जगला तो केवळ जुन्या लष्करी सामानावर आणि हातांतील झाळकामावर. १९८४ च्या सुमारास जकात माफ झाली आणि जपानी बनावटीचीं सुबक यंत्रें येऊं लागलीं. पंतप्रधान राजीव गांधी हे स्वतः ‘व्हीयू टू आरजी’ या चिन्हाचे हौशी बिनतारीकार होते, हें येथें सांगण्यासारखें आहे. नवीं यंत्रें आलीं, आणि जुनीं माळ्यावर गेलीं.

आतां तीं माळ्यावरून खालीं कशीं आणावीं, याचा विचार करूं. पहिला नियम असा कीं, यंत्र हातीं येतांच तें विजेस जोडूं नये. पन्नास वर्षें निजलेल्या यंत्रास एकदम २३० व्होल्टचा धक्का दिला म्हणजे बहुधा त्याचा ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि ट्रान्सफॉर्मर गेला कीं स्वस्त दुरुस्तीची आशाही गेली. आधीं मऊ कुंचल्यानें धूळ काढावी, उंदरांनीं काय कुरतडलें तें पाहावें आणि प्रत्येक जोडणीचें चित्र कागदावर उतरून घ्यावें. आंतील रबरी वेष्टणाच्या तारा हात लावतांच चुरा होतात. विजेची दोरी तर निरपवादपणें बदलावी.

जुन्या यंत्रांचे बहुतेक रोग कंडेन्सरांत असतात. व्हॉल्व्ह गेला असेल अशी सामान्य समजूत असते, परंतु व्हॉल्व्ह हा आश्चर्यकारक दीर्घायुषी पदार्थ आहे. मेण लावलेल्या कागदाचे कंडेन्सर हवेंतील ओल शोषून गळके होतात. विशेषतः शेवटच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडपाशीं जोडलेला कंडेन्सर गळूं लागला कीं त्या व्हॉल्व्हवर भलता भार पडून तो व ट्रान्सफॉर्मर दोन्ही प्राणास मुकतात. म्हणून हा एक कंडेन्सर प्रथम बदलावा. तो कांहीं रुपयांत मिळतो आणि हजारोंचें नुकसान टाळतो. विजेचा प्रवाह गाळणारे मोठे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरही सुकलेले असतात. पुष्कळ कुशल लोक जुना अॅल्युमिनियमचा डबा पोकळ करून त्यांत नवा छोटा कंडेन्सर बसवितात, त्यामुळें बाहेरचें रूप बदलत नाहीं आणि आंतील काम चोख होतें.

यानंतर यंत्र प्रथम सुरू करावयाचें तें तंतूच्या दिव्यामधून. साधा १०० वॅटचा जुना दिवा यंत्राशीं मालिकेंत जोडावा. यंत्रांत कोठें तारांची गांठ पडली असेल तर दिवा लखलखीत पेटतो आणि यंत्र वांचतें. सारें ठीक असेल तर दिवा क्षणभर उजळून मंद होतो. महागड्या प्रयोगशाळेंतील उपकरणाचें काम हा दिवा करतो. हल्लींचे एलईडी दिवे येथें निरुपयोगी आहेत, म्हणून जुने तंतूचे दोन-चार दिवे जपून ठेवावे. एक मल्टिमीटर, एक चांगला सोल्डरचा कांटा आणि हा दिवा एवढें भांडवल आरंभास पुरे. पेटींतील ज्या डब्यांवर बारीक स्क्रू दिसतात ते मात्र फिरवूं नयेत. ते कारखान्यांत जुळवून दिलेले असतात, आणि उत्साहाच्या भरांत ते फिरविल्यानें जितके रेडिओ बिघडले तितके पन्नास वर्षांच्या धुळीनेंही बिघडले नसतील.

धोक्याची सूचना येथेंच दिली पाहिजे. व्हॉल्व्हच्या यंत्रांत अडीचशें व्होल्ट खेळतात, आणि ‘८०७’ व्हॉल्व्हच्या प्रक्षेपकांत सहाशेंच्या घरांत. दोरी काढल्यावरही कंडेन्सरांत हा दाब राहतो. तो योग्य रोधकामार्फत उतरविल्याखेरीज आंत हात घालूं नये. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या ‘एसी-डीसी’ रेडिओंचा लोखंडी सांगाडा प्रत्यक्ष विजेच्या तारेशीं जोडलेला असूं शकतो. अननुभवी मनुष्यानें त्यांच्या वाटेस जाऊंच नये. अंगणांत वा गच्चीवर बांधलेली एरियलची तार वळवाच्या पावसांत यंत्रापासून सोडवून ठेवावी, हेंही सांगणें नकोच.

खर्च कमी ठेवण्याची खरी युक्ति यंत्र निवडण्यांत आहे. दुर्मिळ नांवाच्या मागें धांवूं नये. जें यंत्र या देशांत पुष्कळ विकलें गेलें, त्याचे भाग व त्याचे जाणकार दोन्ही मिळतात. शक्य तर एकाच जातीचीं दोन मोडकीं यंत्रें घ्यावीं, एकानें दुसऱ्यास अवयवदान करावें. छावणीच्या आठवडी बाजारांत किंवा शहागंजांत जुन्या सामानाच्या ढिगांतून अशीं यंत्रें दिसल्यास त्यांचा आंतील भाग पाहावा, बाहेरचें पॉलिश पाहूं नये. ‘६एल६’ सारखे व्हॉल्व्ह संगीतप्रेमींच्या ध्वनिवर्धकांसाठीं अजून नवे बनतात, हीही एक सोय आहे. आणि सात मेगाहर्ट्झवर ऐकण्याबोलण्यास जो एरियल लागतो, तो म्हणजे सुमारें वीस मीटर तांब्याची तार, मध्यें कापून दोन हातांसारखी पसरलेली. त्यास अधिक कांहीं लागत नाहीं.

परंतु किती दुरुस्ती करावी, हा प्रश्न पैशाहून मोठा आहे. या बाबतींत आमच्याच जिल्ह्यांतील अजिंठ्याचा धडा विसरतां येत नाहीं. निझाम सरकारनें १९२० ते १९२२ या काळांत लोरेंझो चेक्कोनी व काउंट ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांस बोलावून तेथील चित्रांचें रक्षण करविलें. गळूं पाहणारे थर त्यांनीं भिंतीस पक्के बसविले, हें त्यांचें ऋण आहे. परंतु वरून दिलेलें लाखेचें रोगण कालांतरानें पिवळें पडलें, त्यावर धूळ बसली, आणि तें उतरविण्यासाठीं पुढें पुरातत्त्व खात्यास दीर्घ खटाटोप करावा लागला. हेतु उत्तम, विद्या त्या काळची उत्तम, आणि तरीही हानि झाली. त्यावरून निघणारा नियम एकच: जें केलें तें उद्यांच्या अधिक शहाण्या माणसास उलटवितां आलें पाहिजे. काढलेला प्रत्येक भाग लहान पिशवींत घालून पेटींतच ठेवावा. केलेल्या बदलाची तारखेसह टीप आंत चिकटवावी. डिस्पोजलच्या काळांतील हौशी लोकांनीं लष्करी संचांस भोंकें पाडलीं, भाग कापले. त्यांस ती गरज होती, म्हणून त्यांस दोष देतां येत नाहीं. किंबहुना तीं भोंकें हाही आतां इतिहासच आहे, तीं बुजवूं नयेत. पण नवीं पाडण्याचें कारण आम्हांस उरलेलें नाहीं.

येथें कोणी सरळ विचारील कीं, खिशांतील मोबाइलवरून साता समुद्रांपार बोलतां येत असतां हा उपद्व्याप कशास? प्रश्न रास्त आहे. जुनें यंत्र नव्याहून चांगलें चालतें, असें आम्ही म्हणत नाहीं. तें जड आहे, तापतें, वीज अधिक खातें. परंतु नव्या यंत्रांत विद्यार्थ्यास एक काळी चकती दिसते, आणि जुन्यांत प्रवाहाचा मार्ग बोटानें दाखवितां येतो. ज्या पिढीस आपलीं यंत्रें उघडतां येत नाहींत ती त्यांची मालक नसून गिऱ्हाईक असते.

दुसरें कारण मराठवाड्यानें फार मोठी किंमत देऊन शिकलेलें आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर व तेव्हांच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारें दहा हजार माणसें ढिगाऱ्याखालीं गेलीं. अशा वेळीं तारा तुटतात, आणि ज्या तारांवर आमचा सारा भरंवसा तो क्षणांत फोल ठरतो. त्या दिवसांत हौशी बिनतारीकारांनीं तेथें तात्पुरतीं केंद्रें उभारून मदतकार्याचे निरोप पोंचविले. कोठल्या गांवीं औषध हवें, कोठें माणूस हवा, हे निरोप ज्यांनीं धाडले त्यांची विद्या कोठें तयार झाली होती? जुन्या यंत्रांच्या पेटींत डोकें घालूनच. छंद आणि लोकसेवा यांमधील अंतर वाटतें तितकें मोठें नसतें.

ऐकण्यासाठीं कोणास कांहीं नको, परंतु बोलण्यासाठीं परवाना हवा. भारत सरकारच्या बिनतारी नियोजन व समन्वय शाखेची परीक्षा देऊन तो मिळवावा लागतो, आणि बारा वर्षांच्या मुलासही ती देतां येते. परवाना नसतां प्रक्षेपक चालविणें हा गुन्हा आहे. काँग्रेस रेडिओचें स्मरण करून कोणीं त्यांत शौर्य मानूं नये. त्या काळीं राज्य परक्याचें होतें.

ज्यांस झाळकामाची आवड नाहीं, त्यांसही करण्यासारखें पुष्कळ आहे. माळ्यावरचा रेडिओ भंगारांत घालण्यापूर्वीं तो कोणीं, कोठें व केव्हां घेतला हें घरांतील वडील माणसास विचारून एका कागदावर लिहून ठेवावें. पोस्टांतून मिळणारें रेडिओ परवान्याचें जुनें पुस्तक सांपडलें तर तें कागदासोबत जपावें. त्या पुस्तकावरील शिक्के म्हणजे एका कुटुंबानें दरसाल पैसे भरून जगाची बातमी ऐकल्याचा पुरावा होय. घरांत जागा नसेल तर यंत्र एखाद्या महाविद्यालयाच्या पदार्थविज्ञान शाखेस किंवा परवानाधारक हौशी गृहस्थास द्यावें. भंगारवाला त्यांतील तांबें व लोखंड यांचा भाव देतो. बाकीच्याचा भाव ठरविणें हें ज्यांच्या घरीं तें यंत्र आहे त्यांच्याच हातीं आहे.